पापलेट उलटायचं नाही

भर हॉटेलात एका बाईने माझ्या मनगटावर चापट मारली, आणि तीही मीच मागवलेल्या पापलेटावरून. इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं डोकं तापतं. मी सिरिल, वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा मुलगा. मला दात यायच्या आधी काटे काढता येत होते, असं आई सांगते. तर मला मासा कसा खायचा ते शिकवणार कोण, तर अबुधाबीतल्या एका चिनी खानावळीची मालकीण.

तिला चिनी म्हटलेलं चालत नसे, हेही सांगून ठेवतो. आंटी लिम मलेशियातल्या पेनांगची. तिचे आजे-पणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, तेओच्यू मुलखातून, बोटीने तिकडे गेलेले. आपलं जेवण तेओच्यू, चायनीज नव्हे, असं ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सुनवायची. कुणी मंचुरियन मागितलं तर सरळ दाराकडे बोट दाखवायची. हमदान स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, लॉण्ड्रीला लागून, पाच-सहा टेबलांचं तिचं दुकान होतं. टेबलांवर फुलाफुलांचं प्लास्टिक, आणि एसीचं पाणी पडायला दारात तेलाचा रिकामा डबा.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो स्वस्त म्हणून. अठ्ठ्याण्णव साल. एका मोठ्या हॉटेलात मी हाऊसकीपिंगचा सुपरवायझर होतो आणि स्टाफ कॅन्टीनच्या डाळीला जीव विटला होता. आंटीने समोर वाडगा ठेवला आणि मी बघतच राहिलो. पेज होती ती. आमच्या घरी असते तशीच, पातळ, गरम, शितं दिसणारी. बाजूला खारवलेली मोहरीची पानं, सुक्या मुळ्याचे तुकडे घातलेलं ऑम्लेट आणि काळ्या रश्श्यात मुरवलेल्या बदकाचे काप. सगळ्याचे मिळून दहा दिरहॅम. "म्हणजे एकशेदहा रुपये," मी मोठ्याने म्हणालो, सवयच ती. घरची पेज खायला समुद्र ओलांडून परक्या बाईच्या दारात यावं लागलं याचाही मला रागच आला. पण दोन वाडगे संपवले आणि पुढच्या शुक्रवारी परत गेलो.

चापटीच्या दिवशी मी आधीच पेटलेला होतो, आणि त्याला कारण डीन. डीन माझा धाकटा भाऊ. त्याला मी आमच्या हॉटेलच्या लॉण्ड्रीत चिकटवणार होतो. मॅनेजरच्या मागे मागे फिरून, त्याच्या पोराच्या वाढदिवसाला केक नेऊन मी व्हिसा मिळवला आणि गावी पाठवला. त्यावर डीनसाहेबांनी आईकडून निरोप धाडला की मी चुलतभावाबरोबर बोटीत भागी घेतलीय, मी येत नाही.

आमचे पप्पा त्याच दर्यात गेले होते. मी शाळेत होतो, डीन तर अजून आईच्या कडेवर होता. बोट उलटली, बाकीचे पोहत आले, पप्पा आले नाहीत. आमच्या घरातलं दुसरं माणूस पाण्यावर पाठवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. डीनला लहानपणापासून हेच सांगत आलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. फोनवर मी त्याला नको नको ते बोललो. तोही कमी नाही. म्हणाला, तू बस तिकडे दुसऱ्यांच्या चादरी मोजत. मी फोन आपटला. तिथून आमचं बोलणं बंद झालं.

तो फोन आपटून मी तडक आंटीकडे गेलो आणि निदान जिभेचे तरी लाड करावेत म्हणून वाफवलेलं पापलेट मागवलं. इकडे त्याला झुबैदी म्हणतात. अख्खं पापलेट आलं, वर आल्याचे धागे, टोमॅटो आणि कसलंसं खारवलेलं आंबट फळ. तिखट नाही, हळद नाही. मी नाक मुरडून घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. या बाईला मासा कळत होता. ताज्या पापलेटाला मसाल्याची गोधडी पांघरायची गरज नसते, हे आमच्याकडेही आता किती जणांना ठाऊक आहे?

वरची बाजू संपली. मी पापलेटाखाली चमचा घातला, उलटणार तेवढ्यात चापट बसली.

"नो टर्न," आंटी म्हणाली. "मछली उल्टा, तो बोट उल्टा."

मग तिने माझ्याच ताटात मधल्या काट्याचं टोक शेपटाशी धरलं, डोक्यापर्यंत अख्खा काटा उचलला आणि बाजूला ठेवला. खालची बाजू उघडी झाली. तिचा बाप मासेमारीच्या बोटीवर होता, नवरा मालवाहू बोटीवर होता, तिच्या घरात कधी कुणी मासा उलटला नाही, आणि सगळे म्हातारे होऊन अंथरुणात मेले. हे तिने मोडक्या हिंदीत अगदी अभिमानाने सांगितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरी पापलेट उलटूनच खायचे. पप्पा तर नुसत्या बोटांनी उलटायचे आणि खालचा मऊ तुकडा मला द्यायचे. म्हणजे या बाईचं म्हणणं काय? माझा बाप वादळाने नाही, ताटातल्या मासळीने बुडाला? आईने रांधून वाढलेल्या मासळीने? बरं, तिला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्याने माझा राग कमी होतो थोडाच.

मासा माझा आहे आणि पैसे मी देणार आहे, असं मी तिला हिंदीत सुनावलं. मासा तुझा, पण टेबल माझं, असं तिने मला सुनावलं. मी टेबलावर पैसे टाकले आणि अर्धं पापलेट तसंच सोडून निघून आलो. त्या अर्ध्या पापलेटाचं मला आजही वाईट वाटतं.

पुन्हा पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. पण पेजेची सवय वाईट. दोन-तीन शुक्रवार कॅन्टीनची डाळ गिळली आणि परत गेलो. वाटलं होतं, बाई निदान सॉरी म्हणेल. छे. तिने काही झालंच नाही अशा थाटात वाडगा ठेवला आणि "मछली?" असं विचारलं. मी "नो" म्हणालो. पुढे दर शुक्रवारी ती हे विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचो. पापलेटावर माझा बहिष्कार होता. तिचं त्यात काही बिघडत नव्हतं, याचा मला वेगळाच संताप यायचा.

मग मे महिन्याची अखेर आली. पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधीची शेवटची फेरी होती. शुक्रवारी सकाळी आईने शेजाऱ्यांकडून मला हॉटेलवर फोन केला. समुद्रात वादळ उठलं होतं. बंदरातल्या बाकी बोटी परतल्या होत्या, डीनची परतली नव्हती. आई रडली नाही. देवळात, आमच्या चर्चमध्ये, जाते म्हणाली आणि फोन ठेवला. दिवसभर मी शेजाऱ्यांचा नंबर फिरवत राहिलो, पण लाइन लागेना. डीनशी मी शेवटचं जे बोललो होतो ते शब्द न शब्द मला आठवत होतं, आणि त्यातही मला रागच येत होता. त्याच्यावर, दर्यावर, माझ्यावर.

संध्याकाळी खोलीत बसवेना म्हणून आंटीकडे गेलो. कुणाला काही सांगितलं नाही. पेज समोर आली, पण मी नुसता चमचा फिरवत बसलो. शेजारच्या टेबलावर एक मराठी कुटुंब होतं. नवरा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. बायको, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. मंचुरियन मिळत नाही म्हणून थोडी कुरकुर करून त्यांनी वाफवलेलं पापलेट घेतलं होतं. आंटी आत स्वयंपाकघरात होती. त्या गृहस्थांची वरची बाजू खाऊन झाली आणि त्यांनी पापलेटाखाली चमचा सारला.

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. मी त्यांचं मनगट पकडलं होतं.

"उलटू नका," मी म्हणालो.

"अहो, काय चाललंय काय तुमचं? हात सोडा. मासा माझा आहे, पैसे मी देणार आहे."

"डॅड, हू इज दिस मॅन?" मुलगी घाबरून म्हणाली.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी कोळ्याचा मुलगा आहे, असल्या खुळचटपणावर माझा विश्वास नाही, ही पद्धतही आमची नाही. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.

"माझा भाऊ समुद्रात आहे," मी म्हणालो.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. त्यांच्या बायकोने ताट माझ्याकडे सरकवलं. मी काट्याचं टोक शेपटाशी धरलं आणि डोक्यापर्यंत उचलत नेलं. काटा अख्खा आला, मध्ये तुटला नाही. मान वर केली तर आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोड्या वेळाने तिने माझ्यासमोर बोटभर उंचीच्या कपात कडू चहा आणून ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिली. मला तिचा राग आला नाही, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलवर डीनचा फोन आला. वारं फिरलेलं बघून त्यांनी बोट गुजरातेत, जाफराबादच्या बंदरात घातली होती. तिकडचे फोन त्या सकाळपर्यंत बंद पडले होते. मी रिसेप्शनवर उभा राहून, पाहुण्यांची पर्वा न करता, त्याच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे माझ्याही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" तो म्हणाला. "आता पुन्हा व्हिसाचं सुरू कर."

"पापलेट खाताना उलटायचं नाही," मी म्हणालो. "काटा उचलायचा आणि खालचं खायचं. बोटीवरच्या सगळ्यांना सांग."

"आपण तर उलटूनच खातो. आई सांगते, पप्पापण..."

"डीन," मी ओरडलो, "बोटीवर जायचंय ना तुला? मग सांगितलं तेवढं करायचं."