कारण सापडले नाही

“चालू झाली ना? मग सोडा की माणसं,” व्यवस्थापक फोनवर म्हणाले.

“झाली, साहेब. पण मी सुरू केलेली नाही,” मिस्त्री म्हणाला. “बंद का पडली ते कळेपर्यंत तिच्यात कोणी चढणार नाही.”

फोन ठेवून त्याने दोन नंबरच्या लिफ्टचा मुख्य खटका खाली ओढला. रुग्णालयाच्या गच्चीवरची ही यंत्रखोली गेली सव्वीस वर्षे त्याच्या ताब्यात होती. नटबोल्टांचे पाने आकाराप्रमाणे टांगलेले, फरशीवर तेलाचा थेंब नाही. आपोआप सुरू झालेल्या लिफ्टवर विश्वास ठेवायचा नाही, हा इथला पहिला नियम. तो त्यानेच घातला होता आणि त्यापायी चार व्यवस्थापकांची बोलणी खाल्ली होती.

“मिस्त्री, साडेनऊ झाले,” त्याचा जोडीदार म्हणाला. याला सगळे मौनी म्हणत, कारण त्याचे तोंड झोपेतही बंद नसे. “अकराला चौथ्या मजल्यावर नंबर आहे तुमचा. वहिनींनी मला बजावलंय, त्यांना आठवण करा म्हणून. मी दोनदा करणार, तिसऱ्यांदा उचलून नेणार.”

“मी जाणार नाहीये.”

चौथ्या मजल्यावर मनाच्या आजारांचा विभाग होता. तिथे उतरणारी माणसे लिफ्टमध्ये बटण दाबतानाही इकडेतिकडे पाहतात, हे मिस्त्रीने वर्षानुवर्षे पाहिले होते. गेल्या तीन आठवड्यांपासून सकाळी जाग येताच त्याच्या छातीवर ओल्या वाळूचे पोते ठेवल्यासारखे होई. घास तोंडात नुसता फिरे. बुटाची नाडी बांधणे हे एक काम नसून सात-आठ कामे आहेत असे वाटे. गेल्या वर्षीही असेच झाले होते. आजही दारात बायकोला तो म्हणाला होता, “तेव्हा गेलंच ना? गोळी नाही, डॉक्टर नाही. एक खाडा नाही केला मी. कामानं घालवलं.” तिने वाद घातला नाही. “मी चौथ्या मजल्यावर बाकावर बसते,” एवढेच म्हणाली. “आलात तर आलात.”

एकही खाडा न करणे ही त्याची मिळकत होती. तिच्या जोरावर तो ताठ चाले.

“हिला पूर्वी असं कधी झालं होतं का रे?” त्याने विचारले.

“आठवत नाही बुवा,” मौनी म्हणाला.

कोणाच्या लग्नात भात कच्चा राहिला होता हे वीस वर्षांनी सांगणाऱ्या माणसाला आठवत नव्हते. मिस्त्रीने कपाटातून गेल्या वर्षीची नोंदवही काढली. अकरा महिन्यांमागच्या पानावर त्याचे बोट थांबले. ‘लिफ्ट क्र. २ सकाळी बंद. आपोआप चालू झाली. कारण सापडले नाही. सेवेत सोडली.’ खाली त्याची सही. शेपटीचा वळसाही हुबेहूब होता. पण हे वाक्य मानेवर सुरी ठेवली असती तरी त्याने लिहिले नसते.

त्याने पाने उलटली. ब्रेकच्या रकान्यात तो नेहमी मिलिमीटर लिही. इथे सात आठवडे नुसते ‘ठीक’, ‘ठीक’ होते.

“हे तू लिहिलंस.”

मौनी चिंधीने हात पुसत म्हणाला, “तुम्ही त्या खुर्चीवर बसायचात. आठ ते चार. हातात पाना. वहिनी गेटपर्यंत आणून सोडायच्या. नाडीसुद्धा त्याच बांधायच्या. मला म्हणाल्या, भावजी, त्यांना कळू देऊ नका. खाडा पडला तर ते मोडतील.”

“आणि तू लिफ्ट सोडलीस? कारण न शोधता?”

“तीन तास शोधलं. खाली ऑपरेशनची माणसं स्ट्रेचरवर ताटकळलेली. शेवटी तुम्हाला विचारलं.”

“मी काय म्हणालो?”

“म्हणालात, सोड.” मौनीने चिंधीची घडी घातली. “त्या दिवशी तेवढा एकच शब्द बोललात.”

मिस्त्रीने त्या खुर्चीकडे पाहिले; ते आठवडे त्याला धुक्यासारखेच आठवत होते. त्याने विचारले, “मग मी बरा कसा झालो?”

“ते मला काय ठाऊक? एक दिवस उठलात, माझ्या हातातला पाना काढून घेतलात. म्हणालात, गाढवा, उलटा धरलायस. मी जिन्यात जाऊन वहिनींना फोन केला. दोघंही रडलो. आता हसू येतं.” तो हसला मात्र नाही.

“वर्षभर ही गोष्ट तुझ्या पोटात राहिली?”

“अपचन झालं होतं, मिस्त्री.”

मिस्त्रीने हत्यारांची पेटी उचलली. आज हात जड होते, पण ते आपले आहेत हे त्याला जाणवत होते. दोघांनी एकेक मजल्याचे दार तपासले. तिसऱ्या मजल्यावर, दाराच्या कुलपातला, वीज जोडणारा तांब्याचा छोटा संपर्क काजळलेला सापडला. दार नीट लागे. पण ते लागल्याचे यंत्राला कधी कळे, कधी कळत नसे. जरासा हादरा बसला की पुन्हा कळे. मिस्त्रीने नवा संपर्क बसवला, दार पन्नास वेळा उघडून लावले आणि दर वेळी संपर्क जुळतो का ते तपासले.

वर येऊन त्याने मुख्य खटका पुन्हा वर केला आणि आजची नोंद केली. मग गेल्या वर्षीची वही पुन्हा उघडली.

“काय करताय?” मौनीने विचारले.

मिस्त्री त्या जुन्या नोंदीखाली सावकाश, कोरीव अक्षरात लिहीत होता. ‘कारण आज सापडले. या सात आठवड्यांतील काम माझ्या जोडीदाराने केले. लिफ्ट माझ्या सांगण्यावरून सोडली, चूक माझी. मी आजारी होतो.’ शेवटच्या शब्दांपाशी पेन क्षणभर अडले, मग पुढे गेले. त्याने तारीख घातली, सही केली.

“साहेब वाचतील ना.”

“वाचू देत. तू केलेल्या कामावर माझं नाव कशाला?” त्याने यंत्रखोलीची किल्ली कमरेची सोडून मौनीच्या हातावर ठेवली. “आणि ब्रेकचं माप आकड्यात लिहायचं. ठीक म्हणजे काही माप नव्हे.”

अकराला पाच कमी असताना दोन नंबरची लिफ्ट चौथ्या मजल्यावर, फरशीशी केसभरही वरखाली न होता, थांबली. मिस्त्री बाहेर आला. गणवेशाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली होती. बाकावर त्याची बायको बारा नंबर घातलेला केसपेपर मांडीवर घेऊन बसली होती. तिने शेजारी ठेवलेली पिशवी उचलून पायाशी ठेवली.

टेबलामागच्या परिचारिकेने मान वर केली. “का हो मिस्त्री, लिफ्ट पुन्हा बिघडली वाटतं?”

बाकावरची सगळी माणसे त्याच्याकडे पाहू लागली.

“लिफ्ट उत्तम आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “बारा नंबर माझा आहे.”

आणि पिशवीच्या रिकाम्या झालेल्या जागेवर तो ताठ बसला.