पाटीखाली काय हाय

निकितानं तिसऱ्यांदा माइकचा चिमटा पदराला लावला आणि तिसऱ्यांदा तो घसरून बायनाबाईच्या मांडीवर पडला.

"ह्याला पदर मानवना," बायनाबाई म्हणाली. "कानात घालू का, बाळीवाणी?"

शेवटी चिमटा चष्म्याच्या दोरीला बसला. परभणीतल्या एका बियाण्याच्या दुकानावरची ती खोली. आवाज घुमू नये म्हणून निकितानं चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. एवढ्या गोधड्या, अन् उकडून जीव चाललाय, हे बायनाबाईनं मनातल्या मनात म्हटलं, पण ते चेहऱ्यावर दिसलंच.

निकिताच्या पॉडकास्टचं नाव 'छंदाची भाकर'. अंगच्या कलेवर पोट भरणारी माणसं ती बोलावून आणायची आणि तासभर विचारत बसायची. मूर्ती घडवणारे आले, लग्नाचे फोटो काढणारे आले, एक बाई तर नुसत्या रांगोळीवर घर बांधलेली आली. आजची पाहुणी बहात्तर वर्षांची बायनाबाई, ताडकळसच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या थापा दोन लाख माणसं मोबाइलवर ऐकतात.

त्या थापा मोबाइलवर चढवायचं काम तिच्या नातीचं. मंजुषा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. पर्समध्ये पुण्याच्या एका प्रकाशकाचा कागद. थापांचं पुस्तक निघणार होतं, फक्त एका ओळीखाली सही हवी होती: 'या सर्व कथा माझ्या स्वतःच्या कल्पनेतून आल्या आहेत.' कागद येऊन आठवडा झाला, आणि बायनाबाईला रोज नवं निमित्त सापडत होतं. एक दिवस चष्मा हरवला. एक दिवस अमावस्या निघाली. काल बोट चिरलं म्हणाली. चिरलेलं बोट डाव्या हाताचं होतं.

मुलाखत झकास सुरू झाली. बायनाबाईनं येलदरीच्या धरणातला मासा सांगितला, जो आळस द्यायला लागला की परभणीतले दिवे मिचकायचे. मग तो भोपळ्याचा वेल, जो ताडकळसच्या बाजारातून एसटीच्या बरोबरीनं निघाला आणि एसटीच्या आधी मानवतला पोचून स्टँडवर वाट बघत बसला. निकिता तोंडावर हात धरून हसत होती, आपलं हसू रेकॉर्डिंगमध्ये भरलं जाऊ नये म्हणून. मग तिनं पाणी दिलं आणि प्रत्येक पाहुण्याला विचारायची तो प्रश्न काढला. पहिली गोष्ट कुठून आली?

बायनाबाईनं पेला खाली ठेवला. माइककडं बघितलं.

"हे तू कापणार तर न्हाईस?"

"मी काही कापत नाही, आजी. हा माझा नियमच आहे."

"मग ऐक. एक बी गोष्ट मपली न्हाई. समद्या केवळाबाईच्या हायती."

स्टूल करकरलं. मंजुषा मागून दोन्ही हात हलवायला लागली. चॅनलवर बायनाबाईनं हे आधी दोनदा सांगून बघितलं होतं, आणि लांबण लागतीय म्हणून मंजुषानं दोन्ही वेळा ते कापलं होतं.

बायनाबाई सांगत गेली. केवळाबाई धनगराची. उन्हाळा लागायच्या आधी रानं मोकळी झाली की मेंढरं घेऊन बायनाबाईच्या रानात यायची. मेंढरं आठ-पंधरा दिवस रानात बसवायची, लेंडीखत रानाला आणि ज्वारी तिच्या पालावर, असा व्यवहार. दिवेलागणीला बायनाबाई भाकरीसंगं खायला भाजीचं कोरड्यास घेऊन पालावर जायची, आणि केवळाबाई भाकरी थापता थापता एक गोष्ट सांगायची. चाळीस वर्षं असं चाललं. यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मेंढरं किती असायची?" निकितानं सहज विचारलं.

इथं बायनाबाई घसरली. मेंढरं चाळीस होती. चाळीस म्हणायला तिनं तोंडही उघडलं. पण एवढी चांगली बाई आणि तिच्यामागं चाळीसच मेंढरं, हे तिला फार बोडकं वाटलं.

"सात हजार," ती म्हणाली. आणि एकदा सात हजार झाल्यावर ती मोजायला कुणीतरी पाहिजेच, म्हणून एक एडका आला. रोज सांजच्याला तो रांगेवरून फिरून मोजदाद करायचा, आणि एक जरी कमी भरलं तरी शिंगानं पालाच्या खांबावर ठोकायचा.

निकिता आता हात न धरताच हसली. "काय पात्र उभं केलंत आजी! ही केवळाबाई तर सगळ्यांत भारी."

"पात्र न्हाई, बाई हाय. खोटं सांगंन तर जीभ झडंल मपली."

निकिता आणखी हसली. मासा याच वाक्यानं सुरू व्हायचा. वेलही. चॅनलच्या चित्रावर बायनाबाईच्या फोटोखाली हेच वाक्य छापलेलं होतं. मंजुषाचे हात खाली आले. तिनं पर्सवर ताल धरला.

बायनाबाईनं चष्मा वर सरकवला. समोरच्या गोधडीवर एका ठिकाणी टाका तिरपा गेला होता, तो बघत राहिली. आणखी मोठी शपथ घ्यावी तर तीही कुठल्या ना कुठल्या भोपळ्यावर खर्च झालेली.

"तू ती विहिरीची गोष्ट ऐकलीस का?" तिनं विचारलं.

निकितानं ती चारदा ऐकली होती. तीच तर सगळ्यात जास्त ऐकली गेलेली. येडबा नावाचा गडी पडलेली बादली काढायला विहिरीत उतरतो, तर तळाला आठवडी बाजार भरलेला. वर हरवलेलं सगळं तिथं विकायला. कुणाचं जोडवं, कुणाचं शाळेचं दप्तर, कुणाचं पळून गेलेलं कोंबडं. शेवटाला एक म्हातारी बसलेली, समोर वेताची पाटी पालथी घालून. ती म्हणते, ह्याच्याखाली तुपलं हाय. काय हाय ते ओळख, अन् घेऊन जा. आणि तिथं बायनाबाई म्हणते, राहिलेली पुढच्या साली.

"पाटीखाली काय असतं, आजी?" निकिता पुढं झुकली. मुलाखतीचा ठेवणीतला आवाज गेला होता तिचा. "गोष्टीखाली कमेंटमध्ये शेकड्यानं लोक हेच विचारतात. मी पण विचारलंय."

"मला ठाऊक न्हाई."

निकिता हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"मपली असती तर संपवली नसती का म्या?" बायनाबाई म्हणाली. "केवळा लय पोचलेली. मेंढरं हलवायच्या आदल्या दिवशी नवीन गोष्ट काढायची अन् अर्ध्यात सोडायची. राहिलेली पुढच्या साली म्हणायची. मग दुसऱ्याची मेंढरं रानात घ्यायची मपली काय बिशाद? चाळीस सालं तिनं मला असंच बांधून ठिवलं. मग मपल्या पोरानं, परमेश्वरानं, त्या रानात ऊस लावला. तिची सून इचारायला आली, तर त्यानं बांधावरनंच न्हाई म्हणून सांगितलं. तीन सालं झाली. येडबा तितंच उभा हाय."

निकितानं समोरचा प्रश्नांचा कागद उलटा ठेवला.

"मग तुम्हीच शेवट का नाही जोडला? एवढं सुचतं तुम्हाला."

"जोडून बघितला. पर पाटी उचलली की खालून मपलंच कायतरी निघतंय. तिचं न्हाई निघत."

मंजुषाचा ताल थांबला होता.

बायनाबाईनं दोरीचा माइक धरून तोंडाजवळ आणला. ताडकळसच्या बाजारात तिला कुणी सांगितलं होतं, की केवळाबाईची सून रुपाली मोबाइल गळ्यात अडकवून दिवसभर कायबाय ऐकत मेंढरांमागं चालते. एवढ्यासाठीच ती हा जिना चढून आली होती.

"रुपाली, ऐकायली असशील तर सासूला सांग. ऊस गेला. बुडख्याला फुटलेला खोडवा बी मोडला. रान मोकळं हाय."

बरं झालं, निकिता काही कापत नव्हती.

परतीच्या एसटीत मंजुषानं दोन तिकिटं काढली. पूर्णेच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "मोठी माय, खोडवा कुठं मोडलाय? बाबा ठेवायचा म्हणायलेत."

"मोडंल."

"अन् त्या कागदाचं काय करू?"

"त्यात एकाच नावाला जागा हाय. इचार त्यांना, दुसरं बसतंय का. अन् अर्धी गोष्ट छापतेत का."

मंजुषानं पर्समधून कागद काढला, ती ओळ पुन्हा वाचली आणि घडी घालून परत ठेवला. पण उतरायच्या आत मोबाइलवर प्रकाशकाला काहीतरी लिहायला घेतलं होतं.

मुलाखत सोमवारी आली. परमेश्वरानं ती ऐकली की नाही कळलं नाही. तो जेवताना खोडव्याचं बोलायचा तेवढं बंद झाला. दहाव्या दिवशी निकितानं मंजुषाला एक आवाज पाठवला. कुणा रुपालीकडून आलाय, म्हणाली, आजींना ऐकवा.

बायनाबाई ओसरीवर शेंगा सोलत होती. मंजुषानं मोबाइल सुपात ठेवला. आधी नुसती मेंढरं ओरडली. मग घंटी. मग कुणीतरी मोबाइल उलटा धरलाय, सुलटा धर, असं झालं. आणि मग एक चिरका, ओळखीचा आवाज आला.

"बायने, सात हजार मेंढरं म्हणं. इमान इकलंस का गं? साठ व्हती. अन् एडक्याचं कुणी सांगितलं तुला? बरं. पाटीखालचं मोबाइलात सांगायचं नसतंय. पंधरा दिवसात येतेय. रानात ढेकूळ दिसाया पायजे."

घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. परमेश्वर दारात उभा होता, हातात बैलाची दोरी तशीच. लहानपणी तोही पालावर आईच्या मागं मागं जायचा.

"काय हाय म्हणली पाटीखाली?"

"रान मोकळं कर, मंग कळंल," बायनाबाई म्हणाली.

त्यानं दोरी खुंटीला अडकवली. मग ट्रॅक्टरवाल्या मुंजाजीचा नंबर मंजुषाकडं आहे का, असं विचारत आत गेला.

बायनाबाईनं मोबाइल सुपातून उचलला, पदरानं पुसला आणि नातीपुढं धरला.

"अजून एकदा लाव."

मंजुषानं लावला. मेंढरं ओरडली. बायनाबाईनं डोळे मिटून सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि शेंग फोडली.

"साठ म्हणती," ती म्हणाली. "चाळीस व्हती. लय थापाडी बाई हाय."