कुरकुर न करणारी माणसं

शहरातल्या पेपराने आमच्या काउंटीवर पानभर लेख छापला, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. लिहिणारी पोरगी तीन दिवस इथे राहिली. गव्हाची शेतं, सूर्यफुलं, कुलूप लागलेली दुकानं, सगळं तिने बरोबर लिहिलं. चूक आमची. तिने दारोदार विचारलं, "अडचणी काय आहेत?" आणि आमच्या लोकांनी दारोदार सांगितलं, "तसं बरं चाललंय." आमच्याकडे एखाद्याचा हात मळणीयंत्रात गेला तरी तो म्हणेल, दुसरा आहे की.

माझा नवरा व्हर्लिन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. गावातलं केंद्र बंद झालं तर पुढचं नव्वद मैलांवर, आणि इथे जानेवारीत रस्ता कुठे संपतो नि शेत कुठे सुरू होतं ते कळत नाही. त्या केंद्राचं काय करायचं, यासाठी काल दुपारी चर्चच्या तळघरात सभा होती. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाने उभं राहून तोच लेख वाचून दाखवला.

"इथली माणसं कुरकुर करत नाहीत, असं छापून आलंय," तो हसत म्हणाला. "तरी ज्यांची अडचण होईल त्यांनी या कागदावर सही करा. वीस सह्या झाल्या तर फेरविचार करू."

कागद फिरू लागला, तसाच कोरा. मी शेजारच्या डेल्मार शाट्झला ढोसलं, "कर ना सही!"

"मला काय धाड भरलीय, आर्डिस? माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. खोटं कसं लिहू?"

कागद व्हर्लिनपाशी आला. त्याने चष्मा पुसला, कागद नीट वाचला आणि पुढे सरकवला. "आम्ही घेऊ जमवून," तो म्हणाला.

मी कागद ओढून सही केली. एकच सही. त्या माणसाने कागदाची घडी घातली, आभार मानले आणि गाडी काढली.

मग कॉफी आली, खजुराच्या वड्या आल्या. दहा मिनिटांत डेल्मार दुसराच कागद घेऊन माझ्यापुढे उभा. व्हर्लिनला नव्वद मैल कोण कधी नेणार, त्याची यादी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, थेट मेपर्यंत. एकतीस नावं.

"वाद घालायचा नाही हं," तो म्हणाला. "बर्फ साचलं तर फावडं लावलेला ट्रॅक्टर घेऊन मी पुढे असेन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकतीस! अरे, जन्मभर बर्फ उपसाल, पण मघाशी त्या कागदावर एक अक्षर लिहवलं नाही तुम्हाला?"

सगळं तळघर कपात बघत राहिलं. व्हर्लिनने माझी बाही ओढली. "हळू बोल ना. लोक काय म्हणतील?"

"लोक काहीच म्हणत नाहीत, व्हर्लिन," मी ओरडले. "तीच तर बोंब आहे!"