नऊ वाजताचा बुडबुडा

"थांबा, थांबा! हे काय करताय?"

सिस्टर ओरडल्या तेव्हा उस्तादांनी सिरिंज उजेडाकडे धरून नखाने दोन टिचक्या मारल्या होत्या आणि दट्ट्यावर अंगठा टेकवला होता.

"हवा काढतोय," ते म्हणाले. नवख्या माणसाला सांगावं तसं.

बस डेपोत चौतीस वर्षं ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला हवेबद्दल कुणी शिकवायचं नसतं. ब्रेकच्या नळीत मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी पेडल पोकळ लागतं आणि बस थांबायची तिथे थांबत नाही. उस्तादांचा हात लागलेली बस मात्र थांबायची. त्यामुळे बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज सकाळी नऊला पोटात इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा "बाबा, नर्स ठेवू या," म्हणणाऱ्या लेकीकडे त्यांनी असं पाहिलं, की तिने पुढचं वाक्य गिळलं. अठ्ठावीस सुया होत्या. आज दहावी. टाके काढायची वेळही नेमकी नऊची मिळाली, म्हणून सुई दवाखान्यात आणली होती आणि सिस्टरनी "द्या बघू, कसं देता," म्हटलं होतं.

"काका, ही सिरिंज भरूनच येते. तो बुडबुडा आत राहू द्यायचा असतो. आधी औषध जातं, मागून तो शेवटचा थेंब ढकलतो. हवा काढताना औषध सांडत नाही?"

"एखाददुसरा थेंब. थेंब आल्याशिवाय हवा निघाली हे कळणार कसं?"

"रोज?"

"रोज," उस्ताद म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला.

"आणि पोटावर हे एवढं काळंनिळं?"

"सुई निघाली की अंगठ्याने चोळतात," बायको म्हणाली. "ग्रीस जिरवल्यासारखं."

"चोळायचं अजिबात नाही. कापूस नुसता दाबून धरायचा."

उस्तादांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "सिस्टर, हिला काही होईल का?"

सिस्टरनी दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, दम लागतो का विचारलं, डॉक्टरांना फोन लावला. तेवढा वेळ उस्ताद स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. चौतीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच संशयाने पाहिलं.

पाय ठीक होते. गेलेल्या थेंबांची भरपाई म्हणून जास्तीचं काही द्यायचं नाही, पाय सुजला किंवा दम लागला तर तडक यायचं, कुठूनही रक्त आलं तरी यायचं. सिस्टरनी दहावी सुई स्वतः दिली. उस्तादांनी ती डोळे न मिटता पाहिली.

घरी लेक म्हणाली, "उद्यापासून नर्स."

"ठेव," उस्ताद म्हणाले. भांडणाची सगळी तयारी फुकट गेल्याने लेक गोंधळली.

"कुणी यायचं नाही," पलंगावरून आवाज आला. "चाळीस वर्षांत या माणसाला पहिल्यांदा वाटलंय की आपलं चुकलं. आता कुठे शिकवण्याजोगा झाला, तर तुम्ही कामावरून काढताय?"

"मी कुठे म्हणालो चुकलं?"

"म्हणावं लागतं होय! आरसा बघा जरा."

दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी हात साबणाने धुतले. काल उजवी बाजू झाली होती, म्हणून आज डावी. बेंबीपासून चार बोटं लांब. चिमटीत कातडी धरली. सिरिंजमध्ये बुडबुडा डोलत होता. अंगठा शिवशिवला.

"जाऊ द्या त्याला आत," बायको म्हणाली. "मला चालेल."

सुई सरळ गेली. औषध गेलं, मागून बुडबुडा गेला. सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात पडली. कापूस दाबून धरलेला उस्तादांचा अंगठा चोळायला वळवळला, तेव्हा बायकोने तो मुठीत पकडला. तो वळवळायचा थांबल्यावरही तिने सोडला नाही. पुढे रोज हे असंच चाललं.

निळे डाग पिवळे झाले, मग गेले. अठ्ठाविसावी सुई डब्यात पडली. उस्तादांनी डब्याचं झाकण घट्ट लावून तो दवाखान्यात नेऊन दिला.

एकोणतिसाव्या दिवशी नऊला साबणाने हात धुऊन, कोपरापर्यंत ओले, ते पलंगापाशी येऊन उभे राहिले.

"आज काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. सवय."

ती भिंतीकडे थोडी सरकली आणि तिने हात पुढे केला.