एक, दोन, चार, तीन

माझा थोरला भाऊ गोपाळअण्णा याचं लग्न अनगोळात अगदी मुहूर्तावर लागलं. नवरी हसत होती.

हे वाचलं असेल तर कृपया विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. आमच्या वऱ्हाडाची मोटार तवंदीच्या घाटात उभी आहे, ऊन डोक्यावर आलं आहे, मुहूर्त गोरज आहे, आणि नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन दरडीवर बसला आहे.

मोटार मारुतीरावांची. निपाणी ते बेळगाव ती रोज धावायची. धावायची हा शब्द मारुतीरावांचा. लग्नासाठी म्हणून त्यांनी तिला नवे प्लग, नव्या वायरी आणि करंट वाटणारी नवी काळी डबी आणली होती. "नवऱ्याला नवं धोतर, मग गाडीनं काय घोडं मारलंय?" असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवसापर्यंत गाडी जुन्या सामानावर झकास चालत होती. नवं बसवलं आणि शिंकायला लागली.

निपाणीतून निघताना पहिल्यांदा 'फट्' झालं, तेव्हा मामा म्हणाले, शुभशकुन आहे. वेशीवर दुसऱ्यांदा झालं, तेव्हा मारुतीराव म्हणाले, नवं सामान हाय, रुळंल. तिसऱ्या वेळी मामांनी देवाचं नाव घेतलं. चढ लागला तशी गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली, आणि थोड्या वेळाने बसलेल्या माणसाच्या.

आता उशीर होऊन चालणार नव्हतं. नवरीच्या काकांनी हिंडलग्याचा एक लग्नाळू कारकून मांडवात जेवायला बोलावून ठेवला होता. उगीच नाही, खबरदारी म्हणून. गाडीला स्टेपनी असते तसा. ही बातमी अण्णाला होती, आणि त्या कारकुनाला कुरळे केस आहेत ही मी दिली होती.

मारुतीरावांनी बॉनेट उघडलं. सगळं वऱ्हाड भोवती जमलं.

"हे बगा," ते म्हणाले, "ही चार सिलिंडरं म्हंजे पंगतीला बसल्याली चार माणसं. ही काळी डबी म्हंजे वाढपी. त्यो एकेकाला ठिणगी वाढतोय. आता कोण उपाशी ऱ्हायलंय ते बगूया."

इंजिन चालू ठेवून त्यांनी लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि त्याचं टोक पहिल्या प्लगला लावलं. ठिणगी वाटेतच पळाली आणि इंजिन मरायला टेकलं. म्हणजे पहिला कामाचा. दुसराही कामाचा. तिसऱ्याला लावलं, तर इंजिनाला पत्ताच नाही. चौथ्याला लावलं, तेच.

"तीन आन् चार काय खात न्हाईत."

"प्लगच खोटे असतील," मामा म्हणाले. मामांचा मोटारीशी संबंध एवढाच, की ते एकदा एकीखाली येता येता राहिले होते.

मारुतीरावांनी पुढचे प्लग मागे आणि मागचे पुढे घातले. तरी उपाशी तेच दोघे. म्हणजे प्लग निर्दोष. काढलेले प्लग ओले होते, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. आता वायरीत ठिणगी येते का ते बघायचं. वायर लोखंडाजवळ धरायची असते. मामांनी ती हातात धरली. ठिणगी येत होती. मामांनी त्या क्षणी जे केलं ते आमच्या घरात अजून बारशाला करून दाखवावं लागतं.

"ठिणगी हाय, पेट्रोल हाय, प्लग बरं हाईत," मारुतीराव खाली बसत म्हणाले. "मग नडलंय कुठं?"

"मामांना विचारा," मी म्हटलं. "ते आत्ताच आतून जाऊन आलेत."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो सावल्या बघत होता.

काही सुचत नसलं की आमच्याकडे जेवून घेतात. अक्काताई आत्याने झाडाखाली पत्रावळ्या मांडल्या आणि बुंदीचे लाडू काढले. पहिल्या पानावर मामा बसले, दुसऱ्यावर मारुतीराव. तिसऱ्यावर भरमाकाका, कारण त्यांना भूक लागली होती. चौथ्यावर त्यांचे थोरले भाऊ नागोजीआप्पा, कारण सावली तिथे होती. अक्काताई वाढत निघाली. मामांना लाडू, मारुतीरावांना लाडू, भरमाकाकांना लाडू. चौथ्या पानावर आप्पांनी आडवा हात धरला.

"मला नको."

"का ओ आप्पा?"

"धाकट्याच्या मागनं मला? वाढ की त्येलाच. माझाबी त्येलाच वाढ."

थोरला जेवत नाही म्हटल्यावर धाकट्याला घास उचलता येईना. भरमाकाका लाडवाकडे नुसते बघत राहिले. पंगतीत दोघे जेवत होते, दोघे थंड.

मारुतीरावांचा घास तोंडाशी थांबला.

अक्काताईने कपाळाला हात लावला, भरमाकाकांचा लाडू उचलून परत टोपलीत टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामा, मारुतीराव, मग भरमाकाकांना ओलांडून आप्पा, मग मागे येऊन काका. लगेच चारही तोंडं चालू झाली. नाही, तीनच. मारुतीराव उठून गाडीकडे गेले होते.

"वायरी कुणी लावल्या?" त्यांनी तिकडून विचारलं.

"म्हणजे? तुम्हीच ना?" मामा म्हणाले.

"म्या डबी बसवून च्याला गेलतो. येऊन बगतो तर वायरी लावल्याल्या. म्या म्हटलं, देवाची करणी."

"मी लावल्या," अण्णा म्हणाला.

मारुतीरावांनी इंजिनावरची हळद अंगठ्याने पुसली. ती आईने सकाळी पूजा करताना फासली होती. खाली ठिणगी वाढायच्या क्रमाचे, लोखंडात ओतलेले आकडे होते: एक, दोन, चार, तीन. शेवटच्या दोहोंवर खडूची फुली होती, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: तीन, चार.

अण्णा निपाणीच्या शाळेत तिसरीला गणित शिकवायचा.

"क्रम चुकला होता," तो म्हणाला. "तीनच्या आधी चार कसा येईल? मी दुरुस्त करून त्याप्रमाणे लावल्या."

"मास्तर," मारुतीराव फार हळू म्हणाले, "तुमी इंजिनाला नापास केलासा?"

त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली आणि हँडल मारलं. गाडी अशी गुरगुरली की आप्पा हातातल्या लाडवासकट उठले.

सुरुवातीला जे घडलं नव्हतं ते यापुढे घडलं. सूर्य टेकायला आला तेव्हा आम्ही अनगोळात शिरलो. कुरळ्या केसांचा कारकून तिसऱ्यांदा जेवून उठला होता. त्याने आनंदाने अक्षता टाकल्या. मामांनी नाचासकट सगळी हकीकत मांडवभर सांगितली आणि ती वहिनीपर्यंत पोचली. सप्तपदीला दोन पावलं नीट पडली. मग वसुधावहिनी थांबल्या, पदराआडून म्हणाल्या, "मास्तर, आता तिसरं की आधी चौथं?" आणि हसू लागल्या. भटजींना मंत्र सुचेना. अण्णाही हसला. त्यांचं हसू अजून थांबलेलं नाही. घरात कोणी काही मोजायला घेतलं की पुन्हा सुरू होतं.

तरी मेहेरबान शिक्षणखात्याचे साहेब यांचे सेवेशी अर्ज ऐसा की, माझे बंधू यांनी इंजिनावर खडूने केलेली दुरुस्ती कायम करण्यात यावी, व मुलखातील तमाम मोटारी तिला अनुसरून फिरवून घ्याव्यात. तसे करणे सरकारास अडचणीचे असल्यास सर्व शाळांतून तीनच्या आधी चार शिकवावा, कारण चार वडील आहे. हुकमाचा अंमल लग्नाच्या आदल्या दिवसापासून धरावा, म्हणजे वहिनींचे हसणे बेकायदा ठरून घरात दोन घास शांतपणे खाता येतील. कळावे.