भैरवाला द्राक्षासव

छप्पन साली मध्यभारत राज्य संपलं, भोपाळ राजधानी व्हायची ठरली, आणि आमच्या ह्यांची कचेरी तिकडे हलणार अशी बातमी आली. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सरकारी क्वार्टर, स्वयंपाकघरात नळ, आणि मुख्य म्हणजे चूल माझी एकटीची. सासूबाईंचे, म्हणजे अक्कांचे, गुडघे धरलेले. त्या इथेच माझ्या थोरल्या दिरांकडे, भय्यासाहेबांकडे, राहणार हे ठरलेलंच होतं.

पण अक्का कसल्या ऐकतात. "माझा गोपाळ उज्जैन सोडणार नाही," म्हणाल्या, आणि बदली रद्द व्हावी म्हणून इथल्या दारूचाच नैवेद्य घेणाऱ्या काळभैरवाला एक बाटली बोलल्या. ती पण काम व्हायच्या आधीच चढवायची, म्हणजे देवाला विसर नको.

आता दारू आणायची कोणी? आमचे हे कलालीसमोरून जायचे तेसुद्धा धोतर सावरत, पळत. तीनदा आणायला गेले, तीनदा हात हलवत परत आले. शेवटी मीच सुचवलं, "वैद्यांचं द्राक्षासव न्या. चिठ्ठी खरवडून टाकू. वासही तसाच येतो." ह्यांना हायसं वाटलं. मला त्याहून जास्त. औषधावर कोणता भैरव बदली थांबवणार?

मंदिरात पुजाऱ्याने बाटली उघडली, हुंगली आणि हळूच मला विचारलं, "बाबा को खाँसी हुई है क्या, बाई?" अक्का डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होत्या म्हणून निभावलं. बशी देवाच्या तोंडाला लावली, रिकामी झाली. उरलेली अर्धी बाटली प्रसाद म्हणून परत मिळाली.

सोवळ्यातल्या बाईने दारू प्यायची कशी, आणि प्रसाद टाकायचा तरी कसा? अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. मग नाक धरून, "शिव शिव" म्हणत रोज दोन चमचे घेऊ लागल्या.

"मेली गोड असते गं," एकदा मला म्हणाल्या. "उगाच नाही पुरुष बिघडत."

बाटली संपली तशी त्यांनी दुसरी चढवायला लावली. मग तिसरी.

महिन्याभराने ऑर्डर आली. भोपाळ. मी तोंड पाडून, मनात नाचत ट्रंक काढली.

तेवढ्यात अक्का माजघरातून ताडताड चालत आल्या. भिंतीचा आधार नाही, गुडघ्यावर हात नाही. आपली पत्र्याची पेटी त्यांनी माझ्या ट्रंकेवर आणून ठेवली.

"बदली नाही थांबवली त्याने, माझे पाय सुरू केले," त्या म्हणाल्या. "त्याच्या मनात काय आहे ते कळलं मला. मी पण येते. आणि माणिक, दोन बाटल्या सोबत घे."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्याने बाटल्या आणायला वैद्यांकडे गेले.