राब कोण पेटवणार

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शेतात समोर उभं केलं आणि म्हणाले, "तू आता बिल्डिंगवाली. तुला काय कळत न्हाय असं धरून चाल. मी शिकवतो, तू आईक."

रविवार होता. मानकोलीच्या मागे गोदामांच्या पत्र्यांमध्ये आमचा जमिनीचा एक तुकडा उरला आहे. बाकीची जमीन केव्हाच गोदामांखाली गेली. आसपासच्या नव्या इमारतींतल्या लोकांसाठी गावातली मंडळी दर मे महिन्यात या तुकड्यावर एक दिवस बागकाम शिकवतात. मोगऱ्याचं कमळमावशी सांगते, वेलभाज्यांचं पुतळाबाई. रोपांचा वाफा कसा करायचा ते बाबा सांगत, आणि त्याची तालीम ते महिनाभर आधीपासून करत.

"राब म्हंजे," ते म्हणाले, "वाफ्यावर शेण पसरायचं, छाटलेल्या फांद्यांचा टहाळ टाकायचा, पाला टाकायचा, वर माती. आन् भाजायचं. तणाचं बी मरतं, रोप जोमानं येतं."

"धुराचं विचारतील," मी म्हटलं.

"इचारू दे. त्यांच्या गाड्यांच्या धुराचं मी इचारतो का कधी?"

स्वतःच्या बोलण्यावर ते हसले. मग काकडीच्या वेलाकडे बघत म्हणाले, "भाविक बोलतो, औंदा शेवटचं. पुढं हितं ट्रक लावायचे." भाविक माझा धाकटा भाऊ. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मी वेलाचा लोंबता शेंडा सुतळीने बांधत राहिले. आमच्याकडे जमिनीबद्दल मुली बोलत नाहीत. कोणी गप्प बसवतं असं नाही, तो विषय आपला नाही हे लहानपणापासून माहीत असतं. आत्यांनी सह्या करून दिल्या, मावश्यांनी दिल्या, आणि सगळ्या जणी दिवाळीला आनंदाने माहेरी येतात.

बाबांनी काकड्या पिशवीत भरून दिल्या. मी रिक्षा करून कल्याणला घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना ते मोरीत पडले, ते उठले नाहीत.

वर्ग यंदा नको, असं मी म्हटलं होतं. भाविकच म्हणाला, "होऊ दे ताई. शेवटचाच तर हाय. राब मी पेटवीन." तो मनाने वाईट नाही. दवाखान्यात धावपळ त्यानेच केली, दहाव्याला माझ्या शेजारी लहान मुलासारखा रडला. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हक्कसोडपत्रावर मी सही करायची होती. आई आधीच गेलेली, त्यामुळे वारस आम्ही दोघंच. माझी सही झाली की तुकडा एकट्या भाविकचा. "कागदाचं काय एवढं," तो म्हणाला होता, "तुझं माहेर कुठं पळून जातंय?"

वर्गाच्या दिवशी मी उजाडताच आले आणि एका जागी बसू शकले नाही. मडक्यात पाणी होतं तरी पुन्हा भरलं. सतरंजी घातली, ऊन येईल म्हणून उचलली, पुन्हा तिथेच घातली. लोक येऊ लागले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, एका बाईच्या हातात सुकलेला मोगरा कुंडीसकट. तिचं नाव मेघाली.

"हा मेला का हो?" तिने कमळमावशीला विचारलं.

मावशीने नखाने साल खरवडून बघितली. "मेला न्हाय, रुसलाय. किती पाणी घालतंस?"

"रोज. दोनदा."

"मंग तुला कोणी दिवसातून दोनदा बुडवली तर तू हसशील?"

सगळे हसले. मीही हसले आणि लगेच रस्त्याकडे बघितलं. भाविक आला नव्हता. फोन केला तर म्हणाला, नाक्यावर ट्रॅफिकमध्ये आहे, निघालोच. नंतर पुन्हा केला तर उचलला नाही. पुतळाबाईने दुधी आणि शिराळ्याचा मांडव कसा बांधायचा ते दाखवून संपवलं. आता राब उरला होता. खाटेएवढा वाफा आम्ही तिघींनी सकाळीच रचला होता. शेण, टहाळ, पाला, माती, सगळं बाबांनी सांगितलं होतं तसं. लोक भोवती उभे होते. ऊन चढत होतं. मी घड्याळ बघत होते, चप्पल काढत होते, घालत होते.

"येईल गं," पुतळाबाई म्हणाली.

"लोक जायला लागलेत."

"मंग तूच लाव काडी. आग काय बाप्यालाच वळखते?"

मी वाफ्याला एक फेरी मारली, आणि खाडीच्या बाजूला टहाळ जास्त सुकलेला दिसला म्हणून तिथून पेटवलं.

राब हळूहळू, धुमसत जळायला हवा. हा भडकला. खाडीवरचा वारा पाठीमागून आला आणि आग एका दमात वाफ्यावरून पलीकडे धावली. पाल्याचे जळते तुकडे उडाले. दाट पिवळा धूर थेट गोदामाच्या शटरकडे गेला. लोक मागे सरले. मी बादली आणायला वळले तोवर दोन वॉचमन लाल सिलिंडर घेऊन कुंपणावरून उड्या मारून आले.

"किसने लगाया? अंदर पूरा कपडा भरा है, मालूम है?"

फसफस आवाज करत त्यांनी सगळा वाफा पांढऱ्या भुकटीखाली गाडला. धूर विरला तेव्हा भाविकची बाईक आत आली.

"कोणी पेटवला?"

"मी."

"कुठून?"

"खाडीकडून."

"ताई, वारा खाडीकडूनच येतो. पलीकडून पेटवायचा असतो, वाऱ्याच्या उलट, म्हंजे दमानं जळतो. एवढं न्हाय माहीत?"

"कसं माहीत असंल?" कमळमावशी म्हणाली. "जल्मभर शेण आमी वाहिलं, टहाळ आमी वाहिला. काडी लावायला तुमी. आमी तवा भाकऱ्या करायला घरी."

भाविक वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छोडो भाई. आज के बाद नहीं होगा. यहाँ पार्किंग बन रहा है."

ते गेले. मी हात धुवायला मडक्याकडे गेले. बोटांना काळं लागलं होतं, ते निघत नव्हतं.

"पार्किंग?" मेघालीने विचारलं. "मग पुढच्या वर्षी वर्ग कुठे असणार?"

"नसणार, मॅडम," भाविक म्हणाला.

"असं कसं? आम्ही सोसायटीतून विनंती करू ना. कोणाकडे करायची? जागा कोणाची आहे?"

कमळमावशीने भाविककडे बघितलं. पुतळाबाईने भाविककडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी मला माझाच आवाज ऐकू आला.

"जागा आमच्या बाबांची. म्हणजे आता याची आणि माझी."

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "घरी बोलू."

मी ओले हात ओढणीला पुसले. ओढणी काळी झाली.

"घरी मला बोलता येणार नाही, भाविक. तिथे मी चहा करायला उठेन. उद्या मी सही करणार नाही. हा तुकडा मला पाहिजे. बाबा होते तेव्हाही पाहिजे होता."